२४ जूनपर्यंतचे फ्रांकेन

निघण्याच्या महिनाभर आधी मी जर्मनीच्या फ्रांकेन भागातल्या फ्युर्थ शहरच्या बाईंकडे खाण्याच्या ठिकाणांची यादी मागितली, तेव्हा त्यांनी यादीऐवजी वेळापत्रक पाठवले. त्यात दहा-बारा पदार्थ होते आणि प्रत्येकापुढे, ठिकाणाच्याही आधी, वार, वेळ किंवा तारीख लिहिलेली होती. खांद्याचे भाजलेले मांस रविवारी दुपारी, केक चारच्या सुमारास, पाव संध्याकाळी सहाला, तळघरावरची बियर ऊन असेल त्या दिवशी आणि पांढरा श्पारगेल, म्हणजे ॲस्परागसचे कोंब, २४ जूनपर्यंत. लेबकुखन या मसालेदार गोड वडीपुढे त्यांनी ‘डिसेंबर’ असे लिहिले होते आणि आमची तिकिटे १३ ते २५ जूनची आहेत हे बहुधा नंतर आठवल्याने त्याखाली ‘नाइलाज’ अशी पुस्ती जोडली होती. २०२५ च्या जूनमध्ये त्या बारा दिवसांत आम्ही जे खाल्ले-प्यायलो त्याचा हा लेखाजोखा आहे. ज्या एका ठिकाणी आम्ही सपशेल फसलो, तिथे हे वेळापत्रक आम्ही स्वतःच्या शहाणपणाने मोडले होते, हे आधीच सांगून टाकते.

बाईंची ओळख पिठातून झाली. २०२० च्या टाळेबंदीत मी घरी आंबवणाचा पाव भाजू लागले आणि हट्टाने त्यात ज्वारीचे पीठ घालू लागले. तो पाव वरून तडकायचा आणि आतून भुसभुशीत राहायचा. पाव भाजणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात, मॅक्स म्युलर भवनातल्या दोन वर्गांच्या पुंजीवर, मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये गाऱ्हाणे मांडले. त्यावर एका निवृत्त शिक्षिकेने सविस्तर उत्तर लिहिले: पिठाचा काही भाग उकळत्या पाण्यात भिजवून झाकून ठेवावा, गार झाल्यावर उरलेल्या पिठात मिसळावा आणि मगच आंबवण घालावे; जर्मन पाववाले याला ‘ब्र्यूश्टुक’ म्हणतात. मी त्यांना कळवले की ज्वारीच्या पिठाची विरी गेली असली की माझी आई भाकरीसाठी नेमके हेच करते आणि आम्ही त्याला उकड काढणे म्हणतो. तेव्हापासून दर रविवारी आमची गाठ पडदाभर अंतरावरून पडत राहिली. पुढे त्याच गटातले बाम्बेर्गचे एक जोडपे आमच्यात सामील झाले. शिक्षिका म्हणून मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’ म्हणू लागले आणि आता तेच नाव त्यांनाही माहीत आहे. गंमत अशी की ऑनलाइन गटांच्या रिवाजाप्रमाणे जर्मनमध्ये मी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘डू’, म्हणजे अरे-तुरे करत आले आहे. मराठीत ‘अहो बाई’ आणि जर्मनमध्ये ‘अगं’, असा दुहेरी संसार पाच वर्षे चालला आहे. त्यांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईंना मात्र दोन्ही भाषांत अहो-जाहो.

भेट म्हणून काय न्यावे याचा प्रश्न युरोपीय संघाच्या नियमांनी अर्धा सोडवला होता, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेण्यास मनाई आहे. पेढे आणि साजूक तूप बाद झाल्यावर उरली बाकरवडी, गोडा मसाला आणि दोन किलो ज्वारीचे पीठ.

फ्रँकफर्टहून न्यूरेंबर्गला जलद गाडीने सुमारे दोन तास लागतात आणि तिथून फ्युर्थ भुयारी रेल्वेने पाव तासावर आहे. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली रेल्वे १८३५ मध्ये याच दोन शहरांमध्ये धावली. त्या रेल्वेने वाहिलेला पहिला माल म्हणजे बियरची दोन पिंपे, हे बाईंनी आम्हांला फलाटावरच, बॅगा हातात असतानाच सांगितले. प्रशासनाच्या दृष्टीने हा सगळा भाग बव्हेरिया राज्यात मोडतो. तसे इथे कोणी बोलून दाखवले तर मात्र विदर्भातल्या माणसाला ‘तुम्ही पुण्याकडचेच ना’ असे विचारल्यासारखे होते. हे लोक स्वतःला फ्रांकेनचे म्हणवतात आणि त्यांच्या बोलीत लहानशा, लाडक्या वस्तूला ‘ला’ हा प्रत्यय लागतो. छोटा पाव ‘वेक्ला’, अर्ध्या लिटरचा पेला ‘जाइड्ला’, चंद्रकोरीचा पाव ‘होर्न्ला’. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेल्या माझ्या कानाला पहिले दोन दिवस सगळे फलक चतुर्थी विभक्तीत लिहिल्यासारखे वाटत होते.

शनिवारी दुपारी न्यूरेंबर्गच्या जेबाल्डुस चर्चशेजारच्या ‘ब्राटवुर्स्टहॉइस्ले’ या उपाहारगृहात गेलो. इथले सॉसेज करंगळीएवढे असते, आणि हे नुसते वर्णन नाही. २००३ पासून या सॉसेजच्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. त्यानुसार ते न्यूरेंबर्ग शहराच्या हद्दीतच बनावे लागते, त्याची लांबी सात ते नऊ सेंटिमीटर आणि वजन वीस ते पंचवीस ग्रॅम असावे लागते. इतक्या लहान आकाराच्या ज्या दंतकथा गावात सांगतात, त्यांतली एक अशी की वेळेनंतर दार बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून सॉसेज बाहेर सरकवता यावे. मला तरी आकाराचा उपयोग चवीत दिसला. बारीक असल्यामुळे बीच लाकडाच्या विस्तवावर त्याची सगळी साल खमंग होते आणि प्रत्येक घासात धुराचा वाटा सारखा येतो. उपाहारगृहात मध्यभागीच भट्टी आहे आणि भाजणाऱ्याचा हात इतका सरावलेला आहे की तो एकेक सॉसेज न उलटता ओळच्या ओळ एका झटक्यात पालटतो. मागणी आकड्यात करायची: सहा, आठ, दहा किंवा बारा. कथलाच्या ताटलीत सॉसेज येतात, सोबत आंबवलेला कोबी किंवा बटाट्याची कोशिंबीर, आणि ‘क्रेन’ नावाच्या पांढऱ्या तिखट मुळाचा कीस, जो जिभेला काही करत नाही पण फोडणीतली मोहरी नाकात चढावी तसा थेट कपाळापर्यंत जातो.

पहिल्या घासाला मला एक ओळखीचा वास आला आणि तो कशाचा हे आठवेपर्यंत तीन सॉसेज संपले होते. तो मरव्याचा होता. देवळासमोरच्या गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफतात तोच मरवा इथे सॉसेजच्या खिम्यात घालतात आणि न्यूरेंबर्गच्या सॉसेजची ओळख त्याच्यावरच ठरते. बाईंना मी सांगितले की आम्ही हे केसांत माळतो. त्यांनी क्षणभर विचार करून, मग तुमच्याकडे लोकांना केसांच्या वासाने भूक लागत असेल, असे उत्तर दिले. माझे गुण: सॉसेजला पूर्ण, कोबीला थोडे कमी, कारण मला तो जास्त शिजलेला वाटला. घाईत असणाऱ्याने टपरीवर ‘द्राय इम वेक्ला’, म्हणजे एका पावात तीन सॉसेज, घ्यावे. चार-पाच युरोंत उभ्याउभ्या होणारे हे खाणे आपल्या वडापावाच्या जातीचे आहे, आणि वडापावाप्रमाणेच ते बसून काट्या-चमच्याने खाल्ले तर चव उतरते असे माझे मत झाले.

माझा नवरा शाकाहारी आहे, तेव्हा त्याच्या ताटाबद्दल इथेच लिहिते, कारण फ्रांकेनला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांना याचीच काळजी असते. इथे मांस ताटाच्या मध्यभागी जितके असते त्याहून जास्त कडेकडेने लपलेले असते. बटाट्याच्या कोशिंबिरीत पुष्कळदा मांसाचा काढा घातलेला असतो, आंबवलेल्या कोबीला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते आणि गोळ्यांवर ओतलेला रस्सा जवळजवळ नेहमीच भाजलेल्या मांसाचा असतो. ‘शाकाहारी आहे का’ या प्रश्नाला वाढपी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा नसतो. प्रश्न असा विचारावा लागतो की यात काढा कशाचा आहे आणि चरबी कोणती आहे. हा प्रश्न जर्मनमध्ये पाठ करून नेला तर नवऱ्याप्रमाणे बारा दिवस सुखाने काढता येतात. पाव, चीज, मुळा, अळंब्यांचा रस्सा, बटाट्याचे असंख्य प्रकार आणि जूनमधला श्पारगेल एवढ्यावर तो दीड किलोने वाढून परत आला.

रविवारच्या दुपारी बाई आम्हांला गावाबाहेरच्या एका खानावळीत घेऊन गेल्या. तिथे ‘शॉयफेले’ हा एकच पदार्थ पाहण्यासारखा होता आणि तो दीडच्या सुमारास संपणार हे सगळ्यांना ठाऊक होते. डुकराच्या खांद्याचा, फावड्याच्या आकाराच्या हाडासकट कापलेला हा तुकडा मंद आचेवर काही तास भाजतात. शॉयफेले या शब्दाचा अर्थच छोटे फावडे. वरच्या कातडीला सुरीने चौकडी पाडलेली असते आणि ती भाजून अशी कुरकुरीत होते की शेजारच्या टेबलावरचा आवाज ऐकून आपल्या ताटाची घाई होते. सोबत मुठीएवढा बटाट्याचा गोळा येतो, ज्याच्या पोटात लोण्यात परतलेले पावाचे तुकडे दडवलेले असतात. गोळा सुरीने कापायचा नसतो, काट्याने फोडायचा असतो, म्हणजे त्याच्या खडबडीत तुकड्यांत रस्सा मुरतो. मी सुरी उचलली तेव्हा बाईंच्या आईंनी माझ्या मनगटावर हलकेच बोट ठेवले. पुरणपोळीचा काट्याने तुकडा मोडणाऱ्याकडे माझी आजी ज्या नजरेने पाहत असे, ती नजर मी ओळखली.

आता फसलो तिथे. सोमवारी आम्ही दोघेच फिरायला निघालो, एका सुंदर चौकात आलो, आणि चार भाषांतले छायाचित्रांचे मोठे फलक लावलेल्या एका उपाहारगृहात संध्याकाळी आठ वाजता बसलो. नाव लिहीत नाही. अशी उपाहारगृहे प्रत्येक देशातल्या प्रत्येक सुंदर चौकात असतात आणि चूक बसणाऱ्याची असते. मी पुन्हा शॉयफेले मागवले. जे रविवारी दुपारी दीडला संपते ते सोमवारी रात्री आठला कसे शिल्लक असते, हा प्रश्न मला ते समोर आल्यावर पडला. कातडी चामड्यासारखी वातड झाली होती, रश्शावर साय धरली होती आणि गोळा मधोमध गार होता. नवऱ्याच्या ‘शाकाहारी’ सॅलडमध्ये खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे निघाले. वाढप्याने ते चमच्याने काढून देण्याची तयारी मनापासून दाखवली. नुसते पाणी मागितल्यावर सोड्याचे पाणी आले, तेही बियरपेक्षा महाग. बाईंना हे दुसऱ्या दिवशी सांगितले तेव्हा त्यांनी शिक्षिकेच्या शांतपणाने एवढेच विचारले, ‘वार कोणता होता?’

मंगळवारपासून चार रात्री आम्ही बाम्बेर्गला होतो. न्यूरेंबर्गहून प्रादेशिक गाडीने हे पाऊण तासाच्या आतले अंतर आहे. महिनाभर चालणारे, तेव्हा ५८ युरोंचे असलेले तिकीट घेतले असल्यामुळे आम्हांला या गाड्यांचा वेगळा खर्च आला नाही. ते जलद आंतरशहरी गाड्यांना चालत नाही आणि मुदतीत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात, एवढे लक्षात ठेवावे. जुन्या बाम्बेर्गला १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान आहे, आणि नदीच्या मधोमध बांधलेले तिथले जुने नगरभवन पाहायला जगभरचे लोक येतात. आम्हीही पाहिले. परंतु तिथल्या जोडप्याने आमचा पहिला तास ‘श्लेंकर्ला’ या बियरघरासाठी राखून ठेवला होता.

धुराची बियर, म्हणजे ‘राउखबियर’, ही बाम्बेर्गची खासियत आहे. मोड आणलेले जव पूर्वी सगळीकडेच उघड्या जाळावर सुकवत, त्यामुळे जुन्या काळी बहुतेक बियरना थोडाफार धूर असणारच. पुढे धुराशिवाय सुकवण्याच्या भट्ट्या आल्या आणि बाकीच्यांनी जाळ सोडला. बाम्बेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनी बीच लाकडाचा धूर टिकवून ठेवला. श्लेंकर्लाची खोली काळपट तुळयांची, ठेंगण्या छताची आहे. बियर लाकडी पिंपातून, कोणत्याही दाबाशिवाय, नुसत्या उताराने पेल्यात पडते. टेबले लांब असतात आणि अनोळखी माणसांशेजारी ‘इथे जागा आहे का’ असे विचारून बसायचे असते. फक्त ज्या टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी असेल तिथे बसू नये, ते रोजच्या मंडळींचे असते आणि रिकामे दिसले तरी रिकामे नसते.

पहिला घोट घेतला आणि मी पेला खाली ठेवला. जर्मन लोक या चवीला धुरावलेल्या मांसाची उपमा देतात, त्यामुळे नवरा आधीच साशंक होता. पण त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘भरताचे वांगे.’ अगदी बरोबर होते. विस्तवावर वांगे भाजून त्याची काळी साल काढताना बोटांना जो वास राहतो, तो या तांबूस-काळ्या बियरला आहे. यजमान मित्राने आम्हांला बजावले की मत तिसऱ्या जाइड्लानंतर द्यायचे. इथे तसा प्रघातच आहे. मला ही दारू विकण्याची युक्ती वाटली होती, परंतु त्यात तथ्य निघाले. पहिल्या पेल्यात फक्त धूर कळतो. दुसऱ्यात नाक धुराला सरावते आणि त्याच्यामागचा माल्टचा गोडवा पुढे येतो. तिसऱ्याला मी धूर शोधत होते आणि तो सापडत नव्हता. तीन पेले म्हणजे दीड लिटर, तेही पाच टक्क्यांहून थोडे जास्त मद्यार्काचे, हे पेलवणार नसेल तर दोन दिवसांत विभागून घ्यावेत. मी तसेच केले.

तिथे खाण्यासाठी ‘बाम्बेर्गचा कांदा’ मागवावा. मोठा कांदा पोखरून त्यात डुकराचा खिमा भरतात, शिजवतात आणि धुराच्या बियरचा रस्सा घालून बटाट्याच्या लगद्यासोबत देतात. कांदा आपल्या भरल्या कांद्यासारखा तिखट नव्हे, गोडसर लागतो आणि रश्शातला धूर त्या गोडीला लगाम घालतो. पदार्थ उत्तम, पण एकटीने संपवण्याजोगा नाही. नवऱ्याने चीज आणि पावावर वेळ मारून नेली.

श्पेत्सिआल रेल्वे स्थानकाच्या बाजूला आहे, १५३६ पासूनची परंपरा सांगते, आणि तिच्या बियरमध्ये धूर इतका हलका असतो की पहिल्याच घोटाला पटते. नवख्याने आधी इथे यावे आणि मग श्लेंकर्लाला जावे, असे मला वाटते. यजमानांना हे साफ अमान्य होते. त्यांच्या मते आधी खोल पाण्यात उडी मारावी. या मुद्द्यावर नवरा-बायकोत जी जुंपली ती पाहता हा वाद आमच्या आधीचा होता.

गुरुवारी १९ जूनला बाजाराला निघालो तर सगळे बंद. त्या दिवशी बव्हेरियात फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाची सार्वजनिक सुट्टी असते आणि किराणा दुकानांसकट सगळी दुकाने बंद असतात, हे आम्हांला माहीत नव्हते. यजमानांच्या वेळापत्रकात मात्र त्या दिवसापुढे ‘तळघर’ असे आधीच लिहिलेले होते. फ्रांकेनमध्ये बियरच्या तळघरावर जातात, तळघरात नव्हे. बियर थंड राहावी म्हणून टेकड्यांच्या पोटात भुयारे खोदली गेली. भुयारावरची जमीन तापू नये म्हणून वर चेस्टनटसारखी दाट सावलीची झाडे लावली गेली. आणि मग त्या सावलीत बाके टाकून तिथेच बियर विकायला सुरुवात झाली. गावातल्या माणसाला तळघर म्हणजे टेकडीवरचे मोकळे आवार वाटते आणि तो आकाशाखाली बसून ‘मी तळघरावर आहे’ असे फोनवर सांगतो. फोर्खहाइमला तर एकाच जंगलात अशी वीसहून अधिक तळघरे शेजारीशेजारी आहेत.

आम्ही गेलो ते शहराबाहेरचे एक लहानसे तळघर होते. अशा अनेक ठिकाणी बियर तिथली घ्यायची आणि खाणे घरून आणायचे, ही बव्हेरियाभरची जुनी रीत चालते. यजमानीणबाईंनी टोपलीतून चौकडीचे कापड काढून टेबलावर अंथरले. मग लाकडी पाट, राई नावाच्या धान्याचा कापलेला पाव, खारवलेले मुळे, काकड्यांचे लोणचे आणि ‘गेरुप्फटर’ बाहेर आले. याच पदार्थाला म्युनिककडे ‘ओबात्सदा’ म्हणतात. मुरलेले कामांबेर चीज लोण्यात हाताने कुस्करून त्यात बारीक कांदा, लाल मिरचीची फिकी भुकटी आणि शहाजिऱ्यासारखे दिसणारे क्युमेल घालतात. मुळ्याचीही एक पद्धत आहे. पांढरा लांब मुळा न तुटता मळसूत्रासारखा कापायचा, मीठ लावून ठेवायचा, आणि पाणी सुटले, म्हणजे इथल्या भाषेत मुळा ‘रडू’ लागला, की खायचा. आम्ही सोबत नेलेली बाकरवडी त्याच पाटावर ओतली. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी न विचारता एक उचलली, चावली, आणि काही न बोलता आपली बियर आमच्या बाजूला सरकवून जवळ येऊन बसले. बारा दिवसांतले सर्वांत चांगले जेवण कोणते, असे मला विचारले तर मी हे सांगेन, आणि त्यात उपाहारगृहाचा वाटा फक्त बियरपुरता होता. तळघरांवर बहुधा रोखच चालते, पेल्यासाठी अनामत ठेवावी लागते, आणि पेला परत करायला विसरलात तर ती तिथेच राहते.

शनिवारी बाम्बेर्गहून न्यूरेंबर्गमार्गे परतताना मी वेळापत्रकाविरुद्ध जाऊन लेबकुखन घेतले. एलिझेनलेबकुखन या उंची प्रकारात किमान पंचवीस टक्के बदाम, अक्रोड किंवा हेझलनट असावे लागतात आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही, त्यामुळे ते बिस्किटापेक्षा वडीच्या जवळ जाते. खाली पातळ पांढरी, बेचव चकती असते. माल चांगला होता. पण तीस अंश उन्हात लवंग-दालचिनीचा तो जड गोडवा घशाशी आला, आणि बाईंच्या आई माझ्याकडे चैत्रात चकल्या तळणाऱ्या बाईकडे पाहावे तसे पाहत राहिल्या. डबा बंद करून पुण्याला आणला. दिवाळीपर्यंत टिकला तर पुन्हा मत देईन.

रविवारी चारला बाईंकडे केक झाला: पातळ तळावर ताज्या स्ट्रॉबेऱ्या खच्चून मांडलेल्या, वर लाल पारदर्शक मुलामा, बाजूला न गोड केलेली फेटलेली साय. त्याविषयी एवढेच की दुसरा तुकडा मागावा लागत नाही, तो येतोच. संध्याकाळच्या पावाविषयी मात्र मला जास्त लिहायचे आहे, कारण त्यासाठीच मी गेले होते.

जर्मन घरात रात्रीचे जेवण पुष्कळदा थंड असते आणि त्याला नावच ‘आबेंडब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव, असे आहे. हे वाचून माहीत असूनही पहिल्या संध्याकाळी मला ते उपासासारखे वाटले होते. प्रत्येकापुढे एक लाकडी पाट, मधे पाव, लोणी, दोन प्रकारचे चीज, काकड्या. चूल पेटलेलीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी लक्ष पावाकडे गेले. बाईंच्या पावात नव्वद टक्के राई असते. राईच्या पिठात गव्हासारखी चिवट ताण धरणारी जाळी होत नाही, आणि आंबटपणा नसला तर त्यातली विकरे भट्टीतच स्टार्च मोडून पावाचा चिखल करतात. म्हणून राईला आंबवण लागतेच, चवीपुरते नव्हे तर पाव उभा राहण्यासाठी. भाजल्यावर तो त्या दिवशी कापत नाहीत. एक पूर्ण दिवस तो कापडात गुंडाळलेला असतो. नंतर बाई तो छातीशी धरून, सुरी स्वतःकडे ओढत, पारदर्शक वाटावे असे काप काढतात. लोणी कडेपर्यंत लावायचे, एकही कोपरा कोरडा ठेवायचा नाही. पहिल्यांदा आंबट, मग खारट, आणि बरेच चावल्यावर गोड. त्या दिवसापासून मी गरम भाजीची आठवण काढली नाही, जरी नवऱ्याने दोन वेळा काढली.

२४ जून मंगळवारी आला. सेंट जॉनच्या या दिवसानंतर श्पारगेल काढत नाहीत, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी वाढायला वेळ मिळतो. न्यूरेंबर्ग, फ्युर्थ आणि एर्लांगेन या तीन शहरांच्या मधोमध ‘क्नोब्लाउख्सलांड’, म्हणजे लसणाचा मुलूख, नावाची भाजीपाल्याची शेती आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या टपरीवरून बाईंनी शेवटचे दोन किलो आणले. मातीच्या उंच वरंब्याखाली उजेड न लागू देता वाढवल्यामुळे हे कोंब पांढरे राहतात. सोलण्याचे काम आईंकडे होते. शेंड्याखालून सुरुवात करून बुडख्याकडे, कोंब मनगटावर आडवा टेकवून, एकसलग पट्टी निघेल असे त्या सोलत होत्या आणि साली टाकत नव्हत्या. साली मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याच्या गोळ्यासह उकळल्या, गाळल्या, आणि त्याच पाण्यात कोंब शिजवले. ताटात कोंब, नवे बटाटे, वितळवून तांबूस केलेले लोणी आणि फ्रांकेनचीच पांढरी झिल्वानर वाइन, चपट्या पोटाच्या बाटलीतली. माझ्या ताटात शेजारी दोन सॉसेजही होती. चव सांगायची तर कोवळ्या मक्याच्या आणि दुधाच्या मधली. नवऱ्याने तीनदा वाढून घेतले.

जेवताना मी सांगितले की आमच्याकडे आंब्याला असाच नियम आहे, पहिला पाऊस पडला की माझी आजी आंब्याला हात लावू देत नसे. आईंनी विचारले, ‘आणि पाऊस लवकर आला तर?’ यंदा तो कोकणात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच आला होता, हे मी सांगितले. त्यांनी काटा खाली ठेवला. तारीख ठरलेली नाही, आभाळ ठरवते, ही गोष्ट त्यांना फार अन्यायाची वाटली असावी, कारण रात्री झोपायला जाताना जिन्यावरून त्यांनी पुन्हा विचारले की मग त्या आंब्यांचे काय झाले.

बुधवारी सकाळी, विमानाला निघण्यापूर्वी, बाईंबरोबर त्याच टपरीवर गेलो. काल जिथे श्पारगेलच्या पेट्या होत्या तिथे आज फ्रांकेनच्या डोंगराळ भागातल्या काळ्या चेरी ओतलेल्या होत्या आणि फळ्यावरचा कालचा भाव ओल्या फडक्याने पुसलेला दिसत होता. बाईंनी श्पारगेलची चौकशीही केली नाही. त्यांनी एक चेरी उचलून दाबून पाहिली आणि अर्धा किलो मागितल्या.